केळ्याची हजेरी

फैजपूर, १९ नोव्हेंबर २०२४

चंदन,

हे पत्र तुझ्याच नावावरून तुलाच पाठवते आहे. तुमच्या त्या गेममध्ये पत्रपेटी असते हे मला काल कळलं. कुणाला पाठवायचं म्हणून विचारलं, मी तुझंच नाव टाकलं, तर त्याने मुकाट्याने घेतलं. नाव तरी काय घेतलंस रे, केळ्या. आत्याने एवढी डोकेफोड करून चंदन ठेवलं ते यासाठी का?

तू टेबलावर ठेवून गेलास तो फोन तिथेच पडून होता. पप्पा म्हणाले होते, "माह्या पैशाचा फोन ठेव इथी, आन मंग जाय कुठी जायचं ते." ते रागात बोलून गेले. तू मात्र खरंच ठेवलास आणि खरंच गेलास. मला वाटलं चौकापर्यंत जाशील आणि डोकं थंड झालं की येशील. मी भाकरी झाकून ठेवली होती. नंतर मुक्ताईनगरला आत्याला कुणाच्या तरी फोनवरून "मी बरा आहे, शोधू नका" म्हणालास, ते तिने आम्हाला कळवलं. हेच चार शब्द आईला सांगायला जड गेले का?

फोन मधूनमधून वाजायचा. मी फडकं मारताना बघायचे आणि परत ठेवायचे. एक दिवस उघडलाच. स्क्रीनवर बोट कसं फिरवायचं ते माझ्यासमोर इतक्यांदा केलं आहेस की मला पाठ झालं होतं. आत कुणा आवेजचा निरोप होता. "केळ्या भाई, आठवडाभर हजेरी नाही लागली तर गेम स्वतःच नाव काढून टाकतो. माझ्या हातात काही नाही. ये ना यार."

मला एवढंच कळलं की कुठेतरी तुझी जागा आहे आणि ती जाते आहे. हजेरी लिहिलेलं बटण सापडलं, ते दाबलं. तुझं नाव राखाडी होतं ते हिरवं झालं. मी खुर्चीवर बसून बराच वेळ त्या हिरव्या नावाकडे बघत राहिले.

भरीत गँग. गिल्डचं, म्हणजे तुमच्या त्या टोळीचं, हेच नाव ना? मी सगळं वाचून काढलं. आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखंच आहे म्हणायचं, फक्त मूर्ती नाही आणि भांडणं कमी. वर आवेजने नियम लावून ठेवले आहेत. न सांगता जायचं नाही. निघताना 'येतो' लिहायचं आणि जे हजर असतील त्यांनी 'येजो', परत ये, म्हणायचं. गडी पडला की आधी त्याला उचलायचं, किल्ला नंतर. कुणी आठवडाभर दिसला नाही तर बाकीच्यांनी शोधायला निघायचं. आईवरून शिवी नाही. हा शेवटचा वाचून मला बरं वाटलं.

आता मी रोज हजेरी लावणार आहे. तुला दुसऱ्या फोनवरून खातं उघडायचं झालं तरी त्याचा नंबर याच फोनवर येतो, म्हणजे तू काही आत येऊ शकत नाहीस, हे मला कळतं. पण घराच्या दाराने तू येशील असं वाटत नाही. निदान हे दार बंद व्हायला नको.

जेवत जा.

आई


फैजपूर, २ डिसेंबर २०२४

चंदन,

काल मी लढाईला गेले होते. हसू नको. नुसत्या हजेरीने भागत नाही, रविवारच्या लढाईला उतरावं लागतं, असं आवेजने सगळ्यांना लिहिलं होतं. मग काय करणार? वांगी भाजायला ठेवली, ओट्याला टेकून उभी राहिले आणि उतरले.

तुझा तो काठीवाला वैद्य मला चालवताच येईना. सगळे किल्ल्याकडे पळत सुटले आणि मी एका भिंतीत तोंड खुपसून उभी. आवेज म्हणतो, "केळ्या भाई, भिंतीत काय शोधतोय?" सगळे हसले, मीही हसले. माईक मी बंदच ठेवते. तुझा माईक बिघडला आहे असं त्यांना वाटतं. मग कुणीतरी मला मारलं आणि मी पडले. तोवर आपली माणसं किल्ल्याच्या दाराशी पोचली होती, अजून थोडं रेटलं असतं तर जिंकलेच असते. तर त्यातले तिघं मागे फिरले, पळत आले आणि मला उचललं. तेवढ्यात किल्ला गेला.

मी घाबरले. म्हटलं आता बोलणी बसणार. आपल्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन दिवस ऐकावं लागतं. पण आवेज म्हणाला, "किल्ला कुठे पळून चालला? पुढच्या रविवारी तिथेच आहे." बस्स, एवढंच. वांगी मात्र करपली.

तू कॉलेज सोडल्याचं कळलं, त्या दिवशी पप्पांनी राऊटरची वायर ओढली होती. तेव्हा तू म्हणाला होतास, "पप्पा, माझी माणसं आत आहेत." आम्ही दोघं समोर उभे होतो आणि तुझी माणसं आत होती. मला ते फार लागलं होतं. काल त्या माणसांनी मला उचललं, तर तेच अजून जास्त लागलं. आपल्या घरात तू पडलास तेव्हा आम्ही किल्ल्याकडेच बघत होतो.

पप्पांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते बागेतून येतात, जेवतात, बातम्या लावतात. पण परवा फोनचं रिचार्ज संपलं होतं, ते सकाळी उठून बघते तर झालेलं. आणि काल जेवताना ताटात बघत म्हणाले, "काय झालं, जिंकले का?" मी म्हटलं, "कोण?" तर म्हणाले, "कोणी नाही, चटणी दे."

आई


फैजपूर, २३ डिसेंबर २०२४

चंदन,

आज मला तुझ्या नावाने एक चांगलं काम करता आलं, म्हणून मुद्दाम लिहिते.

तुमच्यातली ती किरण, जी धनुष्य घेऊन फिरते. ती कुठली, काय करते, कुणी विचारत नाही, पण तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' येतं म्हणजे धुळ्याकडची असणार. परवा गिल्डमध्ये एक नवा मुलगा आला. फार गोड बोलायचा. सगळ्यांना ताई-दादा, आणि किरणताई कुठे राहतात, कुठे कामाला आहेत, मला त्यांना भेट पाठवायची आहे, असं चालू झालं. आपला सुपडू भडगावचा, साधा पोरगा, तो सांगायलाच निघाला होता. तेवढ्यात किरणने लिहिलं, "मन्हा भाऊ शे तो. त्याले काहीच सांगू नका."

मग हळूहळू कळलं. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं, तिला करायचं नव्हतं, ती निघून आली आणि आता स्वतःची नोकरी करून राहते. भाऊ लगेच खरं बोलायला लागला. म्हणाला, आई आजारी आहे, मी काही करणार नाही, नुसतं लांबून बघून जाईन. खरं असेल का खोटं असेल, कुणाला माहीत?

आवेजने सगळ्यांना विचारलं की नवा नियम करायचा का. घरून कुणी विचारायला आलं तर गड्याचा पत्ता द्यायचा नाही. कुणाचं काय म्हणणं आहे ते लिहा. पोरं इकडचं तिकडचं लिहीत बसली. मला राहवलं नाही. ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर येत होती, कुठेतरी खोलीत एकटी बसून फोनकडे बघणारी. मी लिहिलं, "गडी स्वतः हो म्हणेल तेव्हाच सांगायचं. आई आली तरी नाही."

सगळ्यांनी हो दाबलं. आवेजने माझंच वाक्य जसंच्या तसं वर लावलं. खाली किरणने लिहिलं, "केळ्या, तू मन्हा खरा भाऊ शे." मला इतका आनंद झाला की मी पप्पांना साबुदाणा वडे करून घातले. त्यांनी विचारलं, "आज काय शे?" मी म्हटलं, "काही नाही, खा." मग हसले आणि म्हणाले, "मीबी शे-शे करू लागलो, काय ऐकत राह्यते तू फोनात?"

माहीत आहे त्यांना, सगळं माहीत आहे.

आई


फैजपूर, १२ जानेवारी २०२५

चंदन,

मी पकडली गेले.

चूक माझीच. संक्रांत आली म्हणून मी सकाळी सगळ्यांना लिहिलं, "तिळाचे लाडू केले आहेत, उपाशीपोटी लढू नका, जेवलात का सगळे?" सुपडू म्हणाला, "केळ्या, तू माही मम्मी व्हय का रे?" सगळे हसले. आवेज हसला नाही. थोड्या वेळाने त्याचा वेगळा निरोप आला. "खरं सांगा, तुम्ही कोण?"

मी फोन उलटा करून ठेवला. दळण निवडलं. परत उलटला. म्हटलं, या पोराने मला पडल्यावर उचललं आहे, त्याच्याशी खोटं कुठवर बोलू? मी लिहिलं, "मी चंदनची आई. चंदन घर सोडून गेला आहे. त्याची जागा जाऊ नये म्हणून मी येते."

मला वाटलं रागावला. दुसऱ्याच्या नावाने इतके दिवस खेळले ना मी. मग त्याने फोन केला. पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले. लढाईत ऐकला होता त्यापेक्षा आवाज कोवळा वाटला, तुझ्याएवढाच.

"काकू," तो म्हणाला, "तो कधी गेला?"

मी सांगितलं.

"म्हणजे एवढे दिवस... काकू, तो रोज हिरवा दिसायचा. म्हणून आम्ही शोधलंच नाही."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतो ते. मग त्याने सुपडूचं सांगितलं. मागे सुपडू दिसेनासा झाला होता, तर हे लोक एकमेकांना विचारत, मोटारसायकलने भडगावला जाऊन थडकले होते. तो दवाखान्यात पाय बांधून पडला होता. शोधायचं म्हणजे खरंच शोधतात, चंदन. तू गेलास तेव्हा कुठे जाशील, कुणाकडे झोपशील, हे यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी त्याच आठवड्यात तुला गाठलं असतं. तू कदाचित वाटही बघत असशील की माझी माणसं येतील. आणि मी रोज सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, तुझं नाव हिरवं करत होते.

नियम मी वाचला होता. पहिल्याच दिवशी वाचला होता. मी जागा राखत बसले आणि माणूस शोधणारी दारं स्वतःच्या हाताने लावून घेतली. हे कुणाला सांगू? पप्पांना सांगितलं तर ते उठले. बाहेर जाऊन उगाच पाण्याची मोटर चालू-बंद करत बसले.

आवेज म्हणाला, "तुम्ही टेन्शन नका घेऊ काकू. आता शोधतो."

आई


फैजपूर, २७ जानेवारी २०२५

चंदन,

आवेज काल घरी येऊन गेला. जळगावहून आला, मोटारसायकलवर. त्यांचं गादीचं दुकान आहे, वडील हारुनभाई आणि तो मिळून चालवतात. त्याच्या आईने, रईसाबाईंनी, खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. अंगाने अगदीच हडकुळा आहे रे. मला वाटलं होतं गिल्ड चालवतो म्हणजे कुणी आडदांड असेल. पप्पांनी त्याला तुझ्या खुर्चीवर बसवलं.

तो चहाला हातच लावेना. मग खाली बघत म्हणाला, "काकू, केळ्या सापडला. बरा आहे. काम करतो, खोली आहे, जेवतो. किरणने पाहिला त्याला." आणि लगेच जीभ चावली. नाव बोलून गेला होता.

मला रडूच आलं. मी देवाजवळ साखर ठेवायला उठले, तेवढ्यात पप्पांनी विचारलं, "कुठी हाये?"

आवेजने चहाचा कप जवळ ओढला.

"बेटा, कुठी हाये तो?"

"काका, ते नाही सांगता येणार."

पप्पा चिडतील म्हणून मी मागे वळले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आवेजचा हात धरला. जन्मात त्यांना असं कुणाचा हात धरताना मी पाहिलं नाही. म्हणाले, "मी त्याले काही बोलणार नाही. घरी चाल म्हणून बी म्हणणार नाही. गाव सांग फक्त. लांबून पाहून येतो."

आवेजच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "काका, किरणचा भाऊपण हेच बोलला होता. लांबून बघतो. तेव्हा आम्ही नियम केला. आता तुम्हाला सांगितलं तर उद्या तिच्या भावाला कसं नाही म्हणू?" मग माझ्याकडे वळला. "आम्ही केळ्याला विचारलं काकू, मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, अजून नाही."

मी म्हटलं, "अरे पण आई आहे मी."

त्याला बोलायची गरजच नव्हती. माझंच वाक्य माझ्या कानात वाजत होतं. पप्पा म्हणाले, "असा कसा नियम? कोणी केला?" ते पोरगं माझं नाव घेईना. मग मीच म्हटलं, "मी केला."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं.

चंदन, नियम चुकीचा आहे असं मी अजूनही म्हणू शकत नाही. त्या पोरीसाठी तो बरोबर होता. मग माझ्यासाठी चुकीचा कसा होईल? मी काही तिचा भाऊ नाही, असं मनाशी सारखं म्हणते. पण त्यालाही तसंच वाटत असणार. रात्री भांडी घासताना, सकाळी फुलं तोडताना मी हेच उलटसुलट करत असते आणि कुठूनही वाट निघत नाही. तुझ्या त्या 'अजून'वर हात ठेवून बसले आहे. 'नाही' म्हणाला नाहीस, 'अजून नाही' म्हणालास.

आई


फैजपूर, ९ फेब्रुवारी २०२५

चंदन,

हे या फोनवरचं शेवटचं पत्र. आवेज बाहेरच्या खोलीत बसला आहे, पप्पा त्याला केळीचे वेफर खाऊ घालत आहेत. तुला तुझं खातं परत हवं आहे असं तू त्याच्याकडे बोललास. हक्काचंच आहे तुझं. तो फोन घेऊन जाईल आणि तुझ्यापर्यंत पोचवेल. म्हणजे ही सगळी पत्रंही तुझ्यापर्यंत येतील. काही खोडू का, असा विचार केला होता. पण राहू दे.

एक गोष्ट लपवायची होती, ती सांगते. पप्पा मंगळवारी धुळ्याला जाऊन आले. मला म्हणाले, रोपांचं काम आहे. आवेज किरणचं नाव बोलून गेला आणि ती धुळ्याकडची, एवढं धरून निघाले. बसस्टँडवर उभे राहिले, मग तिथल्या देवपुरात गल्लोगल्ली पायी फिरले. परत आले ते सरळ पाय धुवायला गेले. जेवताना स्वतःच म्हणाले, "पाठीमांगून सगळे पोरं त्याच्यासारखेच दिसतात." मग ताटातच हात धुतला.

तू तिथे आहेस का नाहीस, मला माहीत नाही. असलास तर खोली बदलू नको. पळू नको. ते पुन्हा येणार नाहीत, मी त्यांना तुमचा नियम समजावून सांगितला आहे. आवेजलाही सांगितलं, आमच्याकडून नियम मोडला. तो म्हणाला, "काका आहेत, चालतं." चालत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

मघाशी तो म्हणत होता, काकू, तुम्ही स्वतःच्या नावाने गिल्डमध्ये या, वैद्य कमी आहेत आपल्याकडे. मला क्षणभर फार मोह झाला. पण किरणच्या भावाच्या प्रकारानंतर नव्या माणसाला घ्यायचं तर सगळ्यांचा हो लागतो, आणि सगळ्यांत तूही आलास. तुला सगळ्यांसमोर हो किंवा नाही म्हणायला लावायचं, हे मला नको. मी त्याला म्हटलं, आत्ता विचारू नको.

कॉलेजबद्दल पप्पा आता काही बोलत नाहीत. राऊटर चालू आहे. तुझी खुर्ची आवेजने थोडी मागे सरकवली होती, ती मी परत जागेवर लावली आहे. अजून काय लिहू? मला काहीच करता येत नाही, चंदन. आजवर काहीतरी करत होते, रोज एक बटण तरी दाबत होते. उद्यापासून सकाळी तेही नसेल.

आत्ता गिल्डमध्ये गेले आणि नियमाप्रमाणे लिहिलं, "येते." सगळे होते. आवेजने बाहेरच्या खोलीतून लिहिलं, "येजो, काकू." सुपडूने लिहिलं, किरणने लिहिलं. ज्यांच्याशी मी कधी बोललेही नाही, त्यांनीही लिहिलं, येजो, येजो.

तुझं 'येजो' राहिलं. तुझ्याच नावावरून मी लिहिलं, तेव्हा तुला उत्तर कुठून देता येणार? आता फोन तुझ्या हातात आहे. तू गेलास तेव्हा मला 'येतो' म्हणाला नव्हतास, ते जाऊ दे. मी म्हणते आहे.

येते, चंदन.

आई